नॉर्डलिंगेनच्या तटाखालची बेरी

माझ्या एकाहत्तर वर्षांच्या, जन्मात अंड्यालाही हात न लावलेल्या सासऱ्यांना मी एका रविवारी दुपारी डुकराची चरबी खाऊ घातली. पावाच्या तीन कापांवर लावून. पहिले दोन काप चुकून, तिसरा ठाऊक असून.

पहिल्या दोन कापांची गोष्ट मी चारचौघांत सांगतो आणि लोक हसतात. तिसऱ्याची वेळ आली की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठतो. आज तांब्या शेजारी घेऊनच बसलो आहे.

खरं तर त्या उन्हाळ्यात आम्ही जर्मनीतला तट बघायला जाणारच नव्हतो. सासरे पुण्यातल्या एका शाळेत तेहतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्क नावाचं तटबंदीचं जुनं शहर आहे. ते काही कुठल्या इयत्तेला नेमलेलं नव्हतं, तरी दर वर्षी नववीच्या वर्गात ते फळ्यावर त्या शहराचा तट काढायचे, वेशींच्या नावांसकट. तरुणपणी कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांनी तो नकाशा पाहिला आणि तो डोक्यात बसला तो बसलाच. त्या तटावरून एकदा आपल्या पायांनी चालायचं, एवढंच त्यांचं आयुष्याकडे मागणं होतं. मी जर्मनीत वाल्डॉर्फमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत होतो, बायको आणि मी तिथे संसार थाटून तीन वर्षं झाली होती, आणि सासरे सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे राहायला आले होते. मी मोठ्या रुबाबात आम्हा दोघांची इंग्लंडची विमानाची तिकिटं काढली आणि जेवताना त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

त्यांच्या पासपोर्टवर जर्मनीचा व्हिसा होता. त्यावर युरोपातले बरेच देश फिरता येतात. इंग्लंड त्यांत येत नाही. आमच्या ऑफिसातल्या कुठल्याही मराठी पोराला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने हे सांगितलं असतं. मला ते विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. इंग्लंडला जायला व्हिसा मलाही लागतो, हेही त्यांनीच सांगितलं.

सासरे तेव्हा कोट घालून, मफलर गुंडाळून, हातात फळ्यावरच्या त्या तटाचा कागदावर काढलेला नकाशा धरून उभे होते. गाडीत येतानाच त्यांनी मनगटावरचं घड्याळ इंग्लंडच्या वेळेला लावून ठेवलं होतं. ते त्यांनी तिथेच, माझ्यासमोर, काटे हळूहळू फिरवत परत जर्मनीच्या वेळेला लावलं.

त्यानंतर मात्र ते बोलू लागले. घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाशी माझी ओळख करून देऊ लागले. "हे आमचे जावई. हे व्हिसाशिवाय परदेशी जातात." मला ते कायम अहो-जाहो करायचे. जुन्या पुणेरी रीतीप्रमाणे जावयाला मान द्यायचा म्हणजे द्यायचाच, आणि त्या मानातूनच सुई टोचायची. "अहो इंजिनियर, चहाला तरी व्हिसा लागत नाही ना?" हे रोज सकाळी. बायको हसायची. मला वाटायचं, निदान एकदा तरी तिने हसू नये.

शेवटी ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याने सांगितलं की तटच बघायचा तर इंग्लंडला कशाला जाता, बव्हेरियात नॉर्डलिंगेन आहे. सबंध शहराभोवती अखंड तट, त्यावर लाकडी छप्पर, आणि वरून चालत पूर्ण फेरी मारता येते. मी सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "चालेल. दुधाची तहान आहे, ताक तर ताक. व्हिसा लागत नाही, एवढं बघून घ्या."

आता इथे सासूबाईंची अट सांगायला हवी. सासूबाई आल्या नव्हत्या. त्यांनी नवऱ्याला पाठवलं होतं ते भाजणी, मेतकूट आणि एका शब्दावर: पोटात अभक्ष्य जाता कामा नये, आणि गेलं तर देवांना हात लावायचा नाही. सासरे मुंजीपासून रोज पूजा करत आलेले. तापातसुद्धा त्यांनी ती चुकवली नव्हती. परदेशात खंड पडायला नको म्हणून स्टीलच्या डबीत कापसात गुंडाळून पितळेचा रांगता बाळकृष्ण बरोबर आणला होता. आमच्या घरातल्या बुटांच्या कपाटावर, स्वच्छ पंचा अंथरून, त्याची रोज साग्रसंगीत पूजा व्हायची. म्हाताऱ्याच्या दिवसाचा खांब म्हणजे ती वीस मिनिटं. निघताना बायकोने मला जिन्यात गाठलं आणि म्हणाली की रस्ता चुकलास तरी चालेल, गाडी ठोकलीस तरी चालेल, बाबांचं खाणं तेवढं सांभाळ. एकच काम आहे.

त्यांना बोलावताना मी इथल्या सरकारी कचेरीत एका कागदावर सही केली होती. फेरपफ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग असं त्याचं नाव, नावापेक्षा कागद लहान. पाहुण्याची राहण्या-जेवणाची, आजारपणाची सगळी जबाबदारी माझी, असा त्याचा अर्थ. जर्मन लोकांनी त्यात सगळं घातलं होतं. बाळकृष्ण तेवढा राहिला होता.

नॉर्डलिंगेनला पोचून तटावर चढलो आणि म्हातारा बदलला. मफलर काढला, कोटाची बटणं सोडली आणि शिक्षक झाला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला तटाला चिकटून बसलेली घरं, त्यांच्या परसातले वाळत घातलेले कपडे, कोबीचे वाफे. सासरे दर वीस पावलांवर थांबत आणि माझी परीक्षा घेत. ही भोकं आतून रुंद आणि बाहेरून अरुंद का? वेशीचा रस्ता सरळ न नेता वाकडा का नेला? मला एकही उत्तर आलं नाही. एकदा मी अंदाजाने "हवा खेळावी म्हणून" असं सांगितलं. समोरून एक जर्मन जोडपं येत होतं. सासऱ्यांनी त्यांना थांबवून शाळामास्तरी इंग्रजीत विचारलं की या गृहस्थाने आत्ता काय उत्तर दिलं, ऐकायचंय का? त्यांनी ऐकलं. बाई हसल्या.

त्या शहराची एक दंतकथा आहे, ती सासऱ्यांना फार आवडली. शत्रूने वेशीच्या पहारेकऱ्यांना फितवलं होतं. त्यांनी वेस नुसती लोटून ठेवली. संध्याकाळी एक डुकरीण वेशीला अंग घासत उभी राहिली, दार हललं, ते एका बाईने पाहिलं, आरडाओरडा केला आणि शहर वाचलं. म्हणून गावभर डुकरंच डुकरं: दुकानांच्या काचांमागे, पाट्यांवर, पोस्टकार्डांवर. सासऱ्यांनी माहितीपत्रक पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "बघा, जनावराला कळलं दार उघडं आहे ते. आपण काउंटरपर्यंत जाऊन आलो."

अर्धा तट झाला तेव्हा त्यांना भूक लागली. डब्यातलं थालीपीठ मी घरीच ओट्यावर विसरलो होतो. तीही चूक माझीच, पण त्या दिवसाच्या हिशेबात ती किरकोळ म्हणून खपून गेली.

तटाखालच्या गल्लीत एक लहान खाणावळ होती. मालकीणबाई साठीच्या, दणकट, जरा इंग्रजी येणाऱ्या. मला माझं जर्मन दाखवायचं होतं. मी दोनदा बजावून सांगितलं: मांस नको, मासा नको, अंडं नको. त्या म्हणाल्या, या या, गेनाऊ, म्हणजे हो हो, अगदी बरोबर, समजलं. त्या भागात चीज घातलेल्या शेवयांसारखा एक पदार्थ मिळतो, तो त्यांनी सुचवला. त्यात अंडं असतं हे मला माहीत होतं. मी तो बाणेदारपणे नाकारला आणि सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना माझं काही पटलं होतं.

मग नुसता पाव मागवला. घरचा, काळसर, जाड सालीचा. आणि त्याबरोबर मालकीणबाईंनी एक मातीचं लहान गाडगं ठेवलं. ते त्या प्रत्येकच टेबलावर आपणहून ठेवत होत्या, आपल्याकडे खानावळीत लोणचं ठेवतात तसं. आत पांढरंशुभ्र, रवाळ, थिजलेलं काहीतरी, आणि त्यात तांबूस कुरकुरीत कण. सासऱ्यांनी सुरीच्या टोकावर जरासं घेतलं, नाकाशी धरलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"बेरी," ते म्हणाले. "तुपाची बेरी आहे ही."

घरी लोणी कढवलं की भांड्याच्या तळाशी जी तांबूस खरवड उरते ती बेरी. लहानपणी साखर घालून खाल्ली नाही असा आमच्याकडचा माणूस मिळायचा नाही. मी चाखून पाहिलं. मी बाहेर सगळं खातो. हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी तो विषय काढत नाही. इतकी वर्षं डुक्कर खाल्लेला माणूस मी, आणि मलाही ती बेरीच लागली. मी म्हणालो, "हो बाबा, कांदा परतून घातलेला दिसतोय."

त्यांनी पहिला काप भरभरून लावला. दुसऱ्यावर मीठ घातलं. मग म्हणाले, साखर मागा. मी मागितली. दुसऱ्याच्या उरलेल्या अर्ध्यावर त्यांनी साखर भुरभुरली आणि आईची आठवण सांगू लागले. आई तूप कढवायची त्या दिवशी पाचही भावंडं चुलीभोवती बसायची आणि भांडं पुसायचा मान ज्याचे गुण जास्त त्याला मिळायचा. मान बहुधा त्यांनाच. महिनाभरात ते माझ्यासमोर असं कधी बोलले नव्हते.

मालकीणबाई आल्या, त्यांनी साखर पाहिली आणि मला जर्मनमध्ये म्हणाल्या की चाळीस वर्षं मी हे श्माल्ट्स करते आहे, पण डुकराच्या चरबीवर साखर घालून खाणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला.

मी म्हणालो, डुकराच्या? पण मी तर मांस नको म्हणालो होतो.

त्यांना प्रश्नच कळला नाही. मांस कुठे आहे त्यात, म्हणाल्या. चरबी वितळवायची, कातडीलगतचे तुकडे कुरकुरीत होईपर्यंत तळायचे, कांदा टाकायचा. मांस त्यात नसतंच.

माझ्या हातातला पाव हातातच राहिला. सांगायला तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. "बाबा" एवढं म्हणालोही. पण सासरे रंगात आले होते. पोटात बेरी गेली होती, समोर ऐकणारं माणूस होतं. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि मालकीणबाईंना इंग्रजीत विमानतळाची गोष्ट सुरू केली. कोट, मफलर, घड्याळ, सगळं. बाई हसू लागल्या तशी शेजारच्या टेबलावरची माणसंही वळून ऐकू लागली. आणि शेवटी सासरे म्हणाले की माझ्या मुलीला नाशिकच्या एका दाताच्या डॉक्टरचं स्थळ आलं होतं, फार हुशार मुलगा, पण आम्हाला वाटलं, जर्मनी बरी. मग माझ्याकडे बोट दाखवून थांबले, शाळेत विनोद सांगून झाल्यावर थांबत असतील तसे.

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता तिसरा काप मी माझ्या हाताने कापला, गाडगं त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हणालो, "घ्या ना बाबा, अजून एक. खरी बेरी तळाशीच असते."

त्यांनी घेतला. तळ खरवडून घेतला. मी समोर बसून पाहत होतो. प्रत्येक घासाला मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला त्या महिन्यात एकदाही वाटलं नव्हतं.

पुढे सगळं गोड झालं असतं, म्हणजे मी कोणाला सांगितलं नसतं आणि आयुष्यभर मनातल्या मनात हसलो असतो. पण सासऱ्यांना सासूबाईंची आठवण झाली. काउंटरवर बरण्या विकायला ठेवल्या होत्या. ते म्हणाले, एक हिच्यासाठी न्यायची, हिलाही कळू दे परदेशात काय काय मिळतं. मी म्हणालो, बॅगेत फुटेल. ते म्हणाले, कपड्यात गुंडाळू. मी म्हणालो, मुंबईला कस्टमवाले अडवतात. ते म्हणाले, "कस्टमचं तुम्ही मला सांगू नका," आणि स्वतः उठून काउंटरशी गेले.

बरणी हातात घेऊन त्यांनी मालकीणबाईंना इंग्रजीत विचारलं, हे गाईचं की म्हशीचं?

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको, नको. त्यांना वाटलं, मला शब्द सुचत नाहीये. काउंटरवर त्या दंतकथेतल्या डुकरिणीची रंगवलेली लाकडी मूर्ती होती. बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं. सासरे खुशीत म्हणाले, येस येस, हिनेच शहर वाचवलं, मी वाचलं आहे. बाईंनी बरणीवर बोट ठेवलं. मग डुकरिणीवर. मग परत बरणीवर. आणि तरीही म्हाताऱ्याला कळेना तेव्हा त्यांनी बोटाने नाकाचा शेंडा वर केला आणि घुरघुरल्या.

सासऱ्यांनी बरणी खाली ठेवली. फार सावकाश, दोन्ही हातांनी.

मी पुढे होऊन म्हणालो, "बाबा, मलाही आत्ताच कळतंय."

हे मी मराठीत बोललो. पण माझा चेहरा बहुधा जर्मनमध्येही वाचता येत होता. मालकीणबाई गोंधळल्या आणि सासऱ्यांना इंग्रजीत म्हणाल्या की मी तुमच्या मुलाला मघाशीच सांगितलं होतं, तुम्ही साखर घातलीत तेव्हा.

"जावई," सासऱ्यांनी दुरुस्त केलं. मग माझ्याकडे वळले.

"तिसऱ्याच्या आधी?"

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो बाबा."

त्यांनी मला अरे-तुरे केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

ते बाहेर गेले. गल्लीच्या टोकाला तटाच्या आडोशाला उभे राहून त्यांनी घशात बोटं घातली. एकदा, दोनदा, पाचदा. काही आलं नाही. पोटाने सगळं ठेवून घेतलं होतं. डोळ्यांतून पाणी मात्र आलं. जाणाऱ्या येणाऱ्यांना वाटलं असेल, म्हातारा दुपारीच प्यायला. चौकातल्या कारंज्यावर त्यांनी चूळ भरली, इतक्या वेळा भरली की मी मोजणं सोडलं. मी रुमाल पुढे केला. त्यांनी कोटाच्या बाहीला तोंड पुसलं.

मी म्हणालो, घरी जाऊ या. ते म्हणाले, "तट अर्धा राहिलाय."

उरलेला अर्धा तट आम्ही चाललो. ते पुढे, मी दहा पावलं मागे. भोकं आली, बुरूज आले, ती डुकरिणीची वेस आली. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. पटावरून नाव कमी केलेल्या पोराला विचारायचं तरी काय.

परतीच्या वाटेवर, नेकारसुल्मचा गाड्यांचा कारखाना उजवीकडे दिसला तेव्हा मी धीर करून बोललो. म्हणालो, बाबा, हे आपल्या दोघांतच ठेवू. सासूबाईंना कळायचं कारण नाही, पूजा चालू ठेवा, देव काही पुण्याला फोन करत नाही.

ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "फोन तू करायचा आहेस. उद्या सकाळी. काप मोजून सांगायचे."

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. बुटांच्या कपाटावर बाळकृष्णाची डबी बंद होती. बायकोने विचारलं, बाबा, पूजा? त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी तिला सांगितलं. पहिले दोन काप सांगितले तेव्हा तिने कपाळाला हात लावला. तिसरा सांगितला तेव्हा हात खाली घेतला. ती हसेल असं मला उगाच वाटलं होतं. ती म्हणाली, एकच काम सांगितलं होतं, आणि डबीकडे गेली. परतायला नऊ दिवस होते. ते नऊ दिवस तिने पूजा केली आणि सासरे तेवढा वेळ बाल्कनीत, काचेचं दार ओढून, पाठ करून उभे राहिले. मंत्र तिचे चुकायचे. काचेपलीकडे त्यांचे ओठ हलताना दिसायचे. पण दार त्यांनी कधी उघडलं नाही.

फोन मात्र त्या पहिल्याच सकाळी लागला. मी कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून काढला, आकडे दोनदा चुकवले, आणि सासरे म्हणाले म्हणून स्पीकर सुरू केला. सासूबाई खुशाली विचारू लागल्या. मी सगळं सांगितलं. गाडगं, बेरी, साखर, मालकीणबाई, दाताचा डॉक्टर. डॉक्टरवर मी जरा जास्त वेळ रेंगाळलो. कोणीतरी म्हणावं, तुम्हालाही लागलं असेल हो, एवढीच अपेक्षा होती. मग तिसरा काप सांगितला आणि थांबलो.

पुण्यात कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बंद केल्याचंही ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, ते तिथे आहेत का. सासरे म्हणाले, आहे. त्या म्हणाल्या की तुम्ही या, काळजी करू नका, गुरुजींना मी सांगून ठेवते. सासऱ्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या मान खाली घातली. मीही सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणालो, सासूबाई, मग मी काय करू, तेही सांगा.

"ह्यांना प्रायश्चित्त आहे, पंचगव्य पाजीन," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर काही उपाय नाही, जावईबापू."